गुरुत्वाकर्षणाला सुट्टी नसते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आवारातल्या मुलांसाठी ठेवलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते आपल्याच सोसायटीतील निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. त्यांची बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



कमिटीने मला सांगितलं, सर, मुलांना गुरुत्वाकर्षण आणि गतीचे नियम सोपे करून सांगा. आता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला धडा आहे ‘गतीचे नियम’ आणि दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा आहे ‘गुरुत्वाकर्षण’. म्हणजे नववी-दहावीची मुलं मनात म्हणत असणार, शाळेत तेच, क्लासला तेच आणि सोसायटीच्या कार्यक्रमातही तेच! घाबरू नका. आज पुस्तक उघडायचं नाही. व्याख्या पाठ म्हणायची नाही. आपली ही सात मजली इमारत हीच आज आपली प्रयोगशाळा.

इमारतीला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत वॉचमन बदलले, लिफ्ट बदलली, कमिट्या बदलल्या. पण इथे एक कामगार असा आहे की त्याने एक दिवस रजा घेतली नाही, दिवाळीला बोनस मागितला नाही आणि रात्री-अपरात्री कधी डुलकी काढली नाही. तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. सकाळी तुम्ही नळ उघडता आणि पाणी येतं, ते कोण आणून देतं? खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो तो पंप. त्याचं लाइटबिल आपण भरतो. पण गच्चीवरून तुमच्या बादलीत ते पाणी पडतं ते पृथ्वी ओढते म्हणून. त्याचं बिल अजून तरी कुणी पाठवलेलं नाही.

दर वार्षिक सभेत सातव्या मजल्यावरची मंडळी तक्रार करतात, आमच्या नळाला धार बारीक येते. आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्याकडे तर नळ सोडला की पाणी अंगावर उडतं. यात प्लंबरचा दोष नाही आणि कमिटीचा पक्षपातही नाही. पाण्याचा दाब हा तुमच्या डोक्यावर पाण्याची उंची किती आहे यावर ठरतो. साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याने एका वातावरणाइतका दाब पडतो. सातव्या मजल्याच्या नळावर जेमतेम चार-पाच मीटर उंचीचं पाणी आहे. पहिल्या मजल्याच्या नळावर वीस मीटरहून जास्त. मग धार जोरात कुणाची येणार? तुम्हीच सांगा. म्हणजे आपल्या सभेतल्या एका जुन्या भांडणाचं उत्तर गुरुत्वाकर्षणाने देऊन टाकलं.

आता एक प्रयोग. माझ्या एका हातात ही वही आहे आणि दुसऱ्या हातात एक सुटा कागद. दोन्ही एकदम सोडतो. आधी कोण पडेल? वही, बरोबर. वही धपकन पडली आणि कागद लहरत लहरत आला. मग जड वस्तू लवकर पडते असं म्हणायचं का? थांबा. आता तोच कागद मी वहीच्या वर ठेवतो. वहीच्या कडेबाहेर येणार नाही असा. आणि वही सोडतो. बघा! कागद वहीबरोबरच खाली आला. कागद काही जड झाला नाही. फक्त त्याच्या वाटेतली हवा वहीने बाजूला सारली. म्हणजे कागदाला उशीर होत होता तो हवेमुळे, हलकेपणामुळे नाही. आता तिसरी गंमत. कागदाचा घट्ट बोळा करा आणि सोडा. वही आणि बोळा जवळजवळ एकदम पडतात. हा प्रयोग घरी करा, पण वही जुनी घ्या, नाहीतर आई मला फोन करेल.

जड वस्तू लवकर पडते असं माणसं जवळजवळ दोन हजार वर्षं मानत होती, कारण ग्रीसमधल्या अ‍ॅरिस्टॉटलने तसं सांगितलं होतं. इटलीत गॅलिलिओने ते तपासायचं ठरवलं. गॅलिलिओचा जन्म १५६४ सालचा. त्याने पिसाच्या मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती त्याच्या शिष्याने लिहून ठेवली आहे आणि ती खरंच घडली का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण त्याने उतरत्या फळीवरून गोळे घरंगळवून नीट मोजमाप केलं, हे मात्र नक्की. सरळ खाली पडणारी वस्तू फार वेगाने जाते, मोजायला सापडत नाही. त्याच्याकडे स्टॉपवॉच कुठून असणार? मग त्याने उतार घेतला, म्हणजे तेच पडणं जरा सावकाश झालं. आणि वेळ मोजायला काय वापरलं, तर भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी. जितकं पाणी जमलं तितका वेळ गेला. त्यात त्याला एक सुंदर हिशेब सापडला. पहिल्या क्षणात गोळा एक भाग अंतर जातो, तर तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या क्षणात तीन भाग, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. एक, तीन, पाच, सात. विषम संख्यांची रांगच!

हा हिशेब आपल्या इमारतीला लावू. आपला एक मजला साधारण तीन मीटरचा. सातव्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यापासून खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत सुमारे २० मीटर. वरून एखादी जड वस्तू सुटली तर पहिल्या अर्ध्या सेकंदात ती सव्वा मीटर खाली येते. म्हणजे सहाव्या मजल्यापर्यंतही पोचत नाही. दुसऱ्या अर्ध्या सेकंदात पावणेचार मीटर. तिसऱ्या अर्ध्या सेकंदात सव्वासहा मीटर. आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदात पावणेनऊ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन मजले एका झपाट्यात. बेरीज करा बरं. वीस मीटर, दोन सेकंद. संपलं. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ एवढं म्हणेपर्यंत वस्तू जमिनीवर.

आणि वेग? पृथ्वी पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढवते. सोपं जावं म्हणून आपण दहा धरू. यालाच पुस्तकात गुरुत्व त्वरण म्हणतात. दोन सेकंदांनी वेग झाला सेकंदाला २० मीटर. तासाच्या हिशेबात ७२ किलोमीटर. हायवेवरच्या गाडीचा वेग! वरून निघताना ती वस्तू अगदी गरीब असते, वेग शून्य. खाली पोचते तेव्हा ती भरधाव गाडी झालेली असते.

आता तुम्ही म्हणाल, दोन सेकंद म्हणजे बराच वेळ आहे की, खालचा माणूस बाजूला होईल. हे तपासायला एक साधी गोष्ट लागते, तुमच्या कंपासपेटीतली... नाही, ती पट्टी लहान असते. ३० सेंटिमीटरची मोठी पट्टी घ्या. मित्राला सांगा, शून्याची बाजू खाली येईल अशी पट्टी उभी धर. तुम्ही शून्यापाशी बोटांची चिमूट उघडी ठेवा, पट्टीला न लावता. मित्र न सांगता पट्टी सोडेल. तुम्ही पकडायची. बहुतेक जण ती पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरच्या दरम्यान पकडतात. २० सेंटिमीटरवर पकडली, तर तुमच्या डोळ्यांनी बघून बोटांनी मिटायला पाव सेकंदापेक्षा थोडा कमी, ०.२ सेकंद वेळ घेतला. एका साध्या पट्टीने तुम्ही स्वतःच्या मेंदूचा वेग मोजलात!

पण लक्षात घ्या, तेव्हा तुम्ही पट्टीकडे टक लावून बसला होतात. पट्टी सुटणार हे माहीत होतं. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला काय माहीत? मागच्या वर्षी जून महिन्यात, पहिल्या वळवाच्या वाऱ्यात, आपल्या एका विंगमधून कठड्यावरची कुंडी खाली आली. कुणाची होती ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. ती कुठे पडली ते सांगतो. गेटच्या डाव्या हाताला, जिथे रोज सकाळी सात वाजता स्कूलबसची वाट बघत तुम्ही मुलं उभी असता, त्याच फरशीवर. दुपारचे चार वाजले होते, तिथे कुणी नव्हतं. फरशीला तडा गेलेला अजून आहे, जाऊन बघा.

त्या वेळी वरून कुणीतरी ओरडलं होतं, “अहो, सांभाळा!” आता या ओरडण्याचा हिशेब करू. कुंडी सुटली हे लक्षात येऊन तोंडातून शब्द निघेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद तरी जातोच. आवाज लवकर खाली पोचतो, पण ऐकणाऱ्याला शब्द कळायला पुन्हा अर्धा सेकंद. म्हणजे सव्वा सेकंद गेला. उरला पाऊण सेकंद. आणि “सांभाळा” ऐकल्यावर आपण काय करतो? पळत नाही. वर बघतो! म्हणजे डोक्याऐवजी चेहरा पुढे करतो. तेव्हा ओरडणं म्हणजे वरातीमागून घोडं. जे काही करायचं ते कुंडी कठड्यावर ठेवण्याच्या आधी करायचं.

एखादा हुशार मुलगा विचारेल, सर, पाऊस तर ढगातून पडतो, एक-दोन किलोमीटरवरून. मग पावसाचे थेंब आपल्याला गोळीसारखे का लागत नाहीत? उत्तम प्रश्न. हवा नसती तर एक किलोमीटरवरून पडलेला थेंब तासाला पाचशे किलोमीटरच्या वेगाने डोक्यावर आला असता. मग छत्री काय, पत्राही टिकला नसता. पण थेंब लहान आणि हलका. थोडा वेग आला की हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. मोठ्यात मोठा थेंबसुद्धा तासाला सुमारे तीस किलोमीटरनेच येतो. कुंडीला मात्र एवढ्या अंतरात हवा फारशी अडवू शकत नाही. हवेची ही दया थेंबाला आणि कागदाला, कुंडीला नाही.

आणि जिथे हवाच नाही तिथे? १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पक्ष्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही एकदम खाली पडली. गॅलिलिओनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी चंद्रावर त्याच्या म्हणण्यावर शिक्का बसला.

आता न्यूटनचे तीन नियम. पहिला नियम आपल्या क्लब रूममधल्या कॅरमवर रोज दिसतो. सोंगट्यांची चवड रचा आणि स्ट्रायकरने सगळ्यात खालच्या सोंगटीला जोरात मारा. खालची निसटते आणि वरच्या जागच्या जागी खाली बसतात. त्यांना कुणी ढकललं नाही, मग त्या का जातील? आणि स्ट्रायकर मारल्यावर पावडर टाकलेल्या बोर्डावर तो किती लांब जातो! पावडर कमी, तर लवकर थांबतो. म्हणजे तो आपोआप थांबत नाही, घर्षण त्याला थांबवतं. थांबलेल्याला कुणी हलवल्याशिवाय तो हलत नाही आणि चालत्याला कुणी अडवल्याशिवाय तो थांबत नाही. या हट्टाला म्हणतात जडत्व. आपणही तसेच हट्टी. बस एकदम निघाली की आपण मागे जातो, ब्रेक लागला की पुढे. खरं तर आपण पुढे ‘जात’ नाही, आपण आधीच्याच वेगाने चाललेलो असतो. थांबली ती बस.

आता पालकांनी जरा कान इकडे करा. स्कूटरवर लहान मुलाला पुढे उभं करून आपण “अहो, नाक्यापर्यंतच तर जायचंय” म्हणत निघतो. ब्रेक लागला की स्कूटर थांबते. मूल थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे जातं. किती वेगाने? हा वेग आपल्याला इमारतीच्या मजल्यांत मोजता येतो. गॅलिलिओच्याच हिशेबाने. तासाला ४० किलोमीटर हा वेग यायला वस्तू सुमारे सहा मीटरवरून पडावी लागते, म्हणजे दोन मजले. ६० किलोमीटरला चौदा मीटर, म्हणजे जवळजवळ पाच मजले. ८० किलोमीटरला पंचवीस मीटर, म्हणजे आपल्या गच्चीच्याही वर. बघा, ४० चे ८० झाले, वेग दुप्पट, पण उंची चौपट. कुणीही शहाणा माणूस आपल्या मुलाला पाचव्या मजल्याच्या कठड्यावर बसवणार नाही. पण हेल्मेट न घालता साठच्या वेगाने त्याला मागे बसवून नेताना आपल्याला काहीच वाटत नाही. कारण उंचीची भीती डोळ्यांना दिसते, वेगाची दिसत नाही.

मग हेल्मेट नेमकं करतं काय? इथे दुसरा नियम येतो. क्रिकेटमध्ये वेगात आलेला झेल घेताना तुम्ही हात मागे का नेता? हात ताठ ठेवले तर चेंडू एका क्षणात थांबतो आणि तळहात झणझणतो. हात मागे नेले की तोच चेंडू जरा जास्त वेळ घेऊन थांबतो आणि लागत नाही. गती तेवढीच घालवायची आहे. ती झटकन घालवली तर बल जास्त लागतं, सावकाश घालवली तर कमी. दुसऱ्या नियमाचं सार एवढंच. घरी दोघांनी चादर उभी, सैल धरा, खालची कड जरा वर वळवा आणि तिच्यावर कच्चं अंडं जोरात फेका. अंडं फुटत नाही. भिंतीवर फेकलं तर काय होईल ते करून बघू नका, मी सांगतो.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो थर चेपतो आणि डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. त्या थोड्या वेळावर जीव वाचतो. उलट, ती दोन किलोची कुंडी सेकंदाला २० मीटरच्या वेगाने येऊन सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबली, तर तेवढ्या क्षणापुरतं बल किती होईल? चारशे किलो वजन ठेवल्यासारखं. जवळजवळ तीन मोटारसायकली. कुंडी दोन किलोचीच आहे, पण खाली पोचल्यावर ती दोन किलोसारखी वागत नाही.

दुसरा नियम गमतीने बघायचा असेल तर वजनकाटा घेऊन आपल्या लिफ्टमध्ये उभे राहा. लिफ्ट वर निघते त्या क्षणी काटा वजन जास्त दाखवतो, मध्ये एकसारख्या वेगाने जाताना बरोबर दाखवतो आणि वर जाऊन थांबताना कमी दाखवतो. खाली जाताना उलट. वजन कमी करायचा याहून सोपा उपाय नाही, फक्त तो दोन सेकंदच टिकतो! पण हा प्रयोग दुपारी करा, सकाळी ऑफिसच्या वेळी लिफ्ट अडवलीत तर मी तुम्हाला ओळखत नाही.

तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो. क्रिया आणि प्रतिक्रिया. तुम्ही चालता तेव्हा पायाने जमीन मागे ढकलता आणि जमीन तुम्हाला पुढे ढकलते. फरशी ओली असली, साबणाची असली, की जमिनीला मागे ढकलता येत नाही, मग जमीनही तुम्हाला पुढे ढकलत नाही, आणि आपण कुठे बसतो ते सांगायला नको. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही दोन बलं एकाच वस्तूवर नसतात, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पेरूला ओढते, आणि तितक्याच जोराने पेरूसुद्धा पृथ्वीला ओढतो. मग पृथ्वी का वर येत नाही? कारण तिचं वस्तुमान प्रचंड. तेवढ्याशा जोराने ती तसूभरही हललेली कळत नाही.

आता गच्चीवर जाऊ. मनानेच हं, उठू नका! रात्री गच्चीवरून चंद्र दिसतो. पेरू पडतो, मग चंद्र का पडत नाही? १६६५ साली इंग्लंडमध्ये प्लेगची साथ आली आणि केंब्रिजचं विद्यापीठ बंद झालं. तुमच्या करोनाच्या सुट्टीसारखंच. आयझॅक न्यूटन तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. तो आपल्या गावी वूल्सथॉर्पला गेला. तिथल्या सफरचंदाची गोष्ट त्याने स्वतः म्हातारपणी सांगितली आहे. सफरचंद डोक्यावर पडलं ही नंतरची भर. पडताना दिसलं, एवढंच. पण त्याच्या मनात प्रश्न आला, ही ओढ झाडापर्यंत पोचते, डोंगरापर्यंत पोचते, मग चंद्रापर्यंत का पोचू नये?

वस्तू पडतात त्या पृथ्वीच्या ओढीमुळे, ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहिलं आहे की पृथ्वी आपल्या अंगच्या शक्तीने जड वस्तूंना स्वतःकडे ओढते. याचा आपल्याला अभिमान वाटलाच पाहिजे. न्यूटनने पुढचा प्रश्न विचारला, किती ओढते? अंतर दुप्पट झालं तर ओढ चौथा भाग, तिप्पट झालं तर नववा भाग, असा नियम त्याने मांडला आणि मग तो चंद्रावर तपासला. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या साठपट दूर चंद्र आहे. साठ गुणिले साठ म्हणजे ३६००. इथे वस्तू एका सेकंदात सुमारे पाच मीटर पडते, तर चंद्र त्याच्या ३६०० वा भाग पडला पाहिजे. भागाकार करा. येतात सुमारे १.४ मिलिमीटर. आणि चंद्राची फिरण्याची वाट मोजली तर दिसतं की एका सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर पुढे जातो आणि सरळ रेषेपासून बरोबर तेवढाच, दीडएक मिलिमीटर, पृथ्वीकडे वळतो. म्हणजे चंद्र पडतोच आहे! फक्त पडता पडता पुढे इतका जातो की जमीन त्याला कधी लागत नाही. पेरूचा आणि चंद्राचा नियम एकच निघाला. १६८७ साली न्यूटनने हे सगळं ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडलं.

याच नियमावर भरवसा ठेवून आपलं चांद्रयान-३ गेलं. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुमच्यातल्या बहुतेकांनी टीव्हीसमोर काढली असेल. विक्रम लँडरला पॅराशूट का नव्हतं? कारण चंद्रावर हवा नाही, पॅराशूट उघडणार कशावर? मग विक्रमने आपली इंजिनं खालच्या बाजूला पेटवली. वायू खाली गेला, त्याने यानाला वर रेटलं. हा तिसरा नियम. वेग हळूहळू कमी करत नेला, म्हणून धक्का बेताचा बसला. हा दुसरा. आणि शेवटच्या टप्प्यात इथून कुणाला यान चालवता येत नव्हतं. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला तेवढाच. म्हणून सगळा हिशेब आधीच करून यानात भरून ठेवला होता.

मुलांनो, मला आज तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. सोसायटीचे नियम सभेत बदलता येतात, दंड माफ करून घेता येतो. निसर्गाच्या नियमांना ओळखपाळख नाही, वशिला नाही, “या वेळेपुरतं चालवून घ्या” नाही. काही जणांना हे कठोर वाटेल. मला तो दिलासा वाटतो. नियम कधी मोडत नाही, म्हणूनच काय होणार ते आपल्याला आधी कळू शकतं. इस्रोच्या शास्त्रज्ञांना चंद्रावरचा शेवटचा मीटर आधी कळला. आपल्याला आपल्या कठड्यावरच्या कुंडीचं भविष्य आधी कळायला काय हरकत आहे? त्याला ज्योतिषी नको, सातवीचं गणित पुरतं.

म्हणून एक काम देतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही विंगच्या मुलांनी वही-पेन घेऊन गेटपाशी जमायचं. खाली उभं राहून कुठल्या मजल्याच्या कठड्यावर काय ठेवलंय ते लिहायचं. कुंडी, विटा, पत्र्याचे डबे, सुटी झालेली डिश अँटेना, सगळं. नावं लिहायची नाहीत, फक्त मजला. प्रत्येकासमोर ती वस्तू किती सेकंदांत आणि किती वेगाने खाली येईल ते मांडायचं. मजल्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिला पाचने भागा आणि वर्गमूळ काढा, सेकंद मिळतील. सेकंदांना दहाने गुणा, वेग मिळेल. तो तक्ता आपण नोटीस बोर्डावर लावू. कमिटीच्या दहा नोटिसांनी झालं नाही ते तुमच्या एका तक्त्याने होईल, अशी माझी खात्री आहे.

पालकांना दोन विनंत्या. कुंड्या कठड्यावरून उतरवून गॅलरीच्या आत, जमिनीवर ठेवा. तुळस तिथेही तितकीच छान वाढते. आणि संक्रांतीला मुलं गच्चीवर पतंग उडवतात तेव्हा एक मोठं माणूस वर असू द्या. पतंगाकडे बघत मागे मागे जाणाऱ्या मुलाला कठडा दिसत नाही, आणि पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते.

पट्टीचा प्रयोग ज्यांना करायचाय त्यांनी आता पुढे या. मी चार पट्ट्या आणल्या आहेत. आजोबांनाही पकडायला लावा. कुणी किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहून ठेवा, चहा होईपर्यंत आपण सगळ्यांचा निकाल लावू.